सुयांखालचा चेहरा

डोक्यात सुया टोचल्यावर थोड्या वेळानं माझ्या मुलीच्या चेहऱ्यातून दुसरीच मुलगी वर यायची. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायला गेलं की ऐकणारा एकतर हसतो नाहीतर हात जोडतो, आणि मला दोन्ही नको असतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही भवानीनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. नवरा कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आमची एकुलती एक लेक. ती माझ्या माहेरी, इंदापूरला जन्मली. मी खूप वेळ अडले होते. ती बाहेर आली तेव्हा निळी पडली होती आणि पहिलं रडायला तिनं फार वेळ लावला. वर्ष झालं तरी मान धरेना, तेव्हा आम्ही तिला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलाय, याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हे वाढत जाणार नाही, पण पुरतं जाणारही नाही. व्यायाम शिकवले, ते मी रोज करून घ्यायचे.

पाचवं वर्ष लागलं तरी तिला बसता येत नव्हतं. हातपाय काठीसारखे ताठ, मुठी आवळलेल्या, अंगठे मुठीच्या आत. चेहराही तसाच, एका बाजूला ओढलेला, तोंड उघडं, भुवया वर चढलेल्या. कारखान्याचा भोंगा झाला की ती दचकायची आणि सगळं अंग कमानीसारखं उचललं जायचं. बोलायची नाही, पण तिचे आवाज मला कळायचे. भूक लागल्याचा वेगळा, कंटाळ्याचा वेगळा. त्या ओढलेल्या चेहऱ्यावरचं हसूही मला ओळखू यायचं. बाकीच्यांना ते रडणं वाटायचं.

बारामतीत एक डॉक्टरीणबाई अशा मुलांना अ‍ॅक्युपंक्चर करतात, असं नवऱ्याला कुणीतरी सांगितलं. आम्ही जायचं ठरवलं तेव्हा सासरे काही बोलले नाहीत. त्यांना घरात सगळे आबा म्हणत. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे. धर्मांतराच्या वेळी तरुण होते, आणि घरातले सगळे देव त्यांनी स्वतःच्या हातानं पाटीत भरून कालव्यात सोडले होते. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, तेवढीच. अंगारा, धुपारा, गंडा, दोरा यातलं काही उंबरा ओलांडून आत येत नसे. निघायच्या दिवशी सकाळी मात्र ते पायरीवर बसून म्हणाले,

"आमच्या वाडवडलांनी डागण्या दिल्या. आता तुमी सुया द्या."

"आबा, डॉक्टर आहेत त्या. शिकलेल्या आहेत," मी म्हटलं.

"डागणारा बी शिकलेलाच असायचा. त्याच्या बापाकडनं." एवढं बोलून ते उठून आत गेले.

दवाखाना म्हणजे एक भाड्याचं बैठं घर होतं. पुढं बदामाचं झाड, त्याच्या पारावर चपलांची रांग. आत एका लांब खोलीत ओळीनं लोखंडी खाटा आणि खिडक्यांना हिरवे पडदे. दुपारचं ऊन त्या पडद्यांतून आलं की सगळी खोली तळ्याच्या तळासारखी दिसायची. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मुलीचे हातपाय हलवून बघितले, तळव्यांवरून बोट फिरवलं आणि आम्हाला म्हणाल्या,

"मी हिला बरी करीन असं मी म्हणत नाही. अंग थोडं सैल पडेल कदाचित. कुणाचं पडतं, कुणाचं नाही. व्यायाम बंद करायचे नाहीत. पटत असेल तर या."

मला ते पटलं. तोवर भेटलेल्यांपैकी निम्म्यांनी ती चालेल असं सांगितलं होतं आणि निम्म्यांनी तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

सुया केसासारख्या बारीक होत्या. काही डोक्यावर, काही हातापायांवर. मी डोळे मिटून घेतले. ती किंचाळेल म्हणून वाट बघत राहिले. पण आवाजच येईना. डोळे उघडले तर ती छताकडे बघत पडली होती. डोक्यातल्या सुयांना बाईंनी चिमटे लावले. त्यांच्या तारा उशाशी ठेवलेल्या एका पेटीला जोडलेल्या होत्या. पेटीवर छोटे लाल दिवे, आणि टिक, टिक, टिक असा आवाज. त्या खोलीत बाकीच्या खाटांवरही मुलं होती. घरी ज्यांना क्षणभर धरून ठेवणं मुश्किल, अशी मुलं. सगळी गप्प. इतकी लहान मुलं आणि इतकी शांतता मी त्याआधी कधी एकत्र पाहिली नव्हती. बाहेर रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. माझी मुलगी दचकली नाही. मीच दचकले.

पहिले काही दिवस एवढंच झालं. मग एका दुपारी मी तिच्या अंगावरची माशी वारायला वाकले आणि माझा हात तसाच राहिला. तिच्या भुवया खाली आल्या होत्या. गालाची ओढ गेली होती. ओठ मिटले होते. मी तिला जन्मल्यापासून एकदाही मिटल्या तोंडानं पाहिलं नव्हतं, झोपेतसुद्धा नाही. खाटेवर एक शांत, गंभीर, थोड्या रुंद कपाळाची मुलगी पडली होती, आणि ती माझ्याकडे बघत होती. एखादी परकी मुलगी पाहुण्याकडे बघते तशी.

मी तिला हाक मारली. तिनं पापणी हलवली, बाकी काही नाही.

शेजारच्या खाटेवर मोरगावच्या एका बाईचा मुलगा असायचा. ती बाई त्याच्या पायथ्याशी भिंतीकडे तोंड करून बसायची. मला वाटायचं, तिला सुया बघवत नसतील. त्या दिवशी तिनं मान न वळवता मला विचारलं,

"तुमची बी बदलली का?"

"म्हणजे?"

"माझा बी असाच व्हतो. म्हणून मी तवा त्याच्याकडं बघत न्हाय. एकदा का सवय लागली त्या तोंडाची, मंग घरी न्हेऊन ह्याला कसं संभाळायचं?"

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चेहऱ्याचेही स्नायूच असतात. ते ढिले पडले की मूळचा चेहरा दिसतो. घाबरू नका." त्या बोलल्या ते खरंच असणार. पण हा मूळचा चेहरा असेल, मग रोज मी जिला भरवते, ती कोण?

तो चेहरा सुया काढल्यावरही काही वेळ टिकायचा. एसटी स्टँडवर बसेपर्यंत असायचा, गाडी सुटली तरी असायचा. निम्म्या वाटेत कुठंतरी खड्ड्याचा धक्का बसला किंवा कंडक्टरनं दोरी ओढून घंटी वाजवली की भुवया वर चढायच्या, गाल ओढला जायचा, आणि माझी लेक परत मांडीवर असायची. मला हायसं वाटायचं. आणि लगेच वाईटही वाटायचं, की ती दुसरी गेली.

नवऱ्याला कारखान्याचा सीझन सुरू झाल्यावर रजा मिळेना. मुलगी जड झाली होती, तिला घेऊन एसटीत चढणं मला एकटीला जमत नव्हतं. म्हणून सासूबाई सोबत यायला लागल्या. त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्या बोलक्या, वाटेत शेजारणीशी ओळख काढून तिच्या माहेरापर्यंत पोचणाऱ्या. पहिल्या दिवशी दवाखान्यात त्यांनी बदामाखालीच ओळखी केल्या. मी मुलीला घेऊन आत गेले.

त्या दिवसापासून बाईंनी एक नवीन गोष्ट सुरू केली. दवण्याच्या जातीचा कसलासा वाळलेला पाला घट्ट वळून केलेली जाड कांडी त्यांनी पेटवली. तिला ज्योत नव्हती, नुसता निखारा. तो निखारा अंगाला न लावता, बोटभर अंतर ठेवून, माझ्या मुलीच्या पोटावर गोल फिरवू लागल्या. "नुसती ऊब द्यायची," त्या म्हणाल्या. खोलीत धूर भरला. कडवट, रानातला वास. हिरव्या उजेडात तो धूर थरांनी तरंगत होता, आणि त्याच्याखाली ती दुसरी मुलगी डोळे उघडे ठेवून पडली होती.

आत्या पाण्याची बाटली द्यायला आत आल्या. दारातच थांबल्या. बाटली हातातून सुटली आणि फरशीवरून घरंगळत खाटेखाली गेली. मी वळून बघितलं तर त्यांनी पदर तोंडात धरला होता. मग त्यांनी एक नाव घेतलं. जुन्या वळणाचं, आता कुणी ठेवत नाही असं नाव. आमच्या घरात ते कुणाचंच नव्हतं. आणि खाटेवरच्या मुलीनं, जी माझ्या हाकेला नुसती पापणी हलवायची, मान दाराकडे वळवली.

पूर्ण वळवली. जी मान धरता येत नव्हती, ती.

आत्या बाहेर निघून गेल्या. घरी पोचेपर्यंत त्या एसटीत एक अक्षर बोलल्या नाहीत.

नंतरचे दिवस मला आठवतात ते दुपारच्या वेळेचे. नवरा ड्युटीवर, आबा वाचनालयात, बाहेर कारखान्यात ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीची घरघर आणि मळीचा वास. मी मागच्या दारी धुणं वाळत घालायचे, त्यावर चिमणीची काजळी पडायची म्हणून पुन्हा झटकायचे. आणि आतून आत्यांचा आवाज यायचा. दबका.

"तहान लागलीय का? आं? पानी देऊ?"

मग माझ्या मुलीचा आवाज. मला तिचे सगळे आवाज माहीत होते, हा त्यातला नव्हता. खालच्या पट्टीतला, लांबलेला.

"देते हां. आता कोन बी अडवनार न्हाय. पी." आणि पुन्हा ते नाव.

मी आत गेले की आत्या वाटी-चमचा घेऊन साध्या बसलेल्या असायच्या. मुलीच्या गळ्याखालचं सगळं भिजलेलं. मी त्या नावानं हाक मारून बघितली, एकदाच. ती हसली. मी तिच्या खऱ्या नावानं हाक मारली, तेव्हाही हसली. तरीही स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीजवळ एकटं बसायची मला भीती वाटू लागली. आत्यांनी तिला जुन्या लुगड्याचा एक परकर शिवला. परकर आणि चोळी, आता कुणी पाच वर्षांच्या मुलीला घालत नाही तसा. मी तो पेटीत टाकला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या अंगावर होता.

नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला बहीण होती का?"

तो जेवता जेवता थांबला. "माझ्या आधी एक व्हती म्हनं. लहानपनीच गेली. घरात तिचा विषय काढायचा न्हाय, एवढंच मला ठाऊक हाय."

शेवटी मी आत्यांनाच गाठलं. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी नुसतं म्हटलं, "आत्या, ते नाव कुणाचं?" त्या थापता थापताच बोलल्या.

"माझ्या थोरलीचं. तुज्या नवऱ्याच्या लई आधीची. धर्मांतराच्याही आधी. एवढीच व्हती, हिच्याएवढी. ताप आला आन् झटकं यायला लागलं. अशीच ताठ व्हायची. ह्यांच्या आज्यानं डागनारा बोलावला. मी हात धरलं, ह्यांनी पाय धरलं. पोटावर दिल्या. मंग म्हनला, पानी देऊ न्हका, पानी दिलं तर उतरनार न्हाय. ती रातभर पानी मागत व्हती गं."

तव्यावरची भाकरी करपत होती. मी ती उलटली.

"शेवटाला सगळं सैल पडलं," आत्या म्हणाल्या. "तोंड अगदी शांत झालं. तुजी लेक त्या खाटंवर पडती ना, तसं. तेच कपाळ. आन् वर तसाच धूर."

मी त्यांना समजावलं. बापाच्या बहिणीचा तोंडावळा भाचीत येतो, यात काय नवल? त्या हो हो म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पर मला पुन्हा न्हे."

त्या थोरलीचा एकही फोटो नव्हता. विश्वास ठेवायचा तर तो आत्यांच्याच सांगण्यावर, आणि ताडून बघायला काहीच नव्हतं.

त्यानंतर आत्या प्रत्येक खेपेला आल्या. बदामाखाली थांबायच्या नाहीत, थेट दारात येऊन उभ्या राहायच्या. चेहरा सैल पडू लागला की त्या पुढं यायच्या आणि खाटेची कड धरून बघत राहायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, सुया आणखी थोडा वेळ ठेवता येतील का. बाई नाही म्हणाल्या. परतीच्या एसटीत निम्म्या वाटेत भुवया वर चढल्या की आत्या खिडकीकडे तोंड फिरवायच्या.

"गेली बघ," म्हणायच्या.

एकदा माझा संयम सुटला. "कोण गेली आत्या? ही हितंच हाय. हिच्याकडं बघा की!"

पुढच्या सीटवरची माणसं वळून बघू लागली. आत्यांनी बघितलं तिच्याकडे. एखाद्याच्या घरी जाऊन दार भलत्याच माणसानं उघडावं, तसं बघितलं. त्या नजरेला मी जास्त घाबरले, सुयांखालच्या चेहऱ्याला तेवढी नाही. कारण तीच नजर अधूनमधून माझ्याही डोळ्यांत येत होती, हे मला कळत होतं.

आबांना कळायचं ते कळलंच. एका दुपारी ते वाचनालयातून लवकर परतले. मी मागच्या दारी होते. आत्यांचा आवाज आला, ते नाव आलं, आणि मग आबांच्या काठीचा फरशीवर आपटल्याचा आवाज. मी धावत आत गेले. आबा उंबऱ्यात उभे होते. आत्या वाटी घेऊन बसलेल्या. मुलगी त्या परकरात.

"हे नाव ह्या घरात कुनी काढलं?" आबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

आत्यांनी वाटी खाली ठेवली.

"आपन पुनर्जन्म मानत न्हाय. ठाऊक हाय ना? गेलं ते गेलं. कुनी माघारी येत न्हाय."

"मला ठाऊक हाय," आत्या म्हणाल्या. "पर तुमी एकदा येऊन बघा. मंग मी नाव घ्यायची न्हाय."

आबा पडवीत जाऊन बसले. मला वाटलं, विषय संपला. पण पुढच्या खेपेला आम्ही निघालो तर ते धुतलेली टोपी घालून एसटी थांब्यावर आमच्या आधी उभे होते.

दवाखान्यात ते सुरुवातीला आत येईनात. चपला काढून व्हरांड्यात उभे राहिले. आत बाईंनी सुया टोचल्या, पेटी सुरू केली. टिक, टिक. मोरगावची बाई नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून बसलेली. आत्या कड धरून उभ्या. मग बाईंनी कांडी पेटवली आणि धूर दाराकडे गेला.

धुराच्या वासासरशी आबा आत आले. ते सरळ खाटेजवळ गेले. त्यांनी आधी चेहरा बघितला नाही, निखारा बघितला. तो पोटावर गोल फिरत होता. आबांनी आपला हात पुढं केला आणि निखाऱ्याच्या आणि पोटाच्या मधे धरला. बाई थांबल्या. त्यांनी हात काढा म्हटलं नाही. आबा बराच वेळ हात तसाच धरून उभे होते, उलटा सुलटा करून.

"नुसती ऊब हाय," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कळलं नाही.

"एवढीच असते," बाई म्हणाल्या.

"हिला दुखतंय का?"

"तिलाच विचारा की."

तेव्हा आबांनी चेहऱ्याकडे बघितलं. त्यांचा हात खाली आला. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून त्यांचा चेहरा असा उघडा पडलेला पाहिला नव्हता. ते गुडघ्यावर बसले. टोपी काढली. पोरीचे दोन्ही पाय त्या दिवशी सैल पडले होते, पावलं बाहेर वळलेली. आबांनी त्यांतल्या एका पावलावर तळवा ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला.

आणि त्यांनी ते नाव घेतलं. जे घरात घ्यायचं नाही असं त्यांनीच ठरवलं होतं, ते.

"दुखतंय का गं?"

तिचे डोळे छतावरून खाली आले आणि आबांवर थांबले. मिटलेले ओठ उघडले. जीभ आत हलताना मला दिसली. नेहमी बाहेर लोंबणारी ती जीभ वर टाळूला लागली.

"न्हाय," ती म्हणाली.

स्पष्ट. माणूस म्हणतो तसं. तो आवाज जाडा होता, न वापरलेल्या दारासारखा, पण शब्द होता. आयुष्यातला तिचा पहिला शब्द.

मोरगावची बाई भिंतीकडून वळली होती. "बोलली," ती म्हणाली. "मी ऐकलं." तेवढ्यासाठी मी तिची आजही ऋणी आहे. ती नसती तर मी म्हटलं असतं, आम्हा तिघांना भास झाला.

पेटी टिकटिकत राहिली. आत्या आवाज न करता रडत होत्या. आबा गुडघ्यावरच होते. बाई जरा वेळानं म्हणाल्या की जीभ सैल पडल्यावर असं होऊ शकतं, मुलांना शब्द आधीपासून कळत असतात, घरी बोलत राहा. मी मान हलवली. मला ठाऊक होतं, त्या खोलीत तो शब्द आम्ही तिघांनी तीन तऱ्हांनी ऐकला. आबांनी कुणाचा ऐकला, हे त्यांच्या पाठीकडे बघून कळत होतं. आत्यांनी कुणाचा ऐकला, तेही. मी मात्र माझ्या लेकीचा ऐकला. ती पाच वर्षं गप्प पडून सगळं ऐकत होती, आणि कुणीतरी एकदाचं तिला विचारलं होतं.

परतीच्या एसटीत आबांनी तिला मांडीवर घेतलं. नेहमीच्या ठिकाणी धक्का बसला, भुवया वर चढल्या, गाल ओढला गेला. मी आत्यांकडे बघितलं. त्या खिडकीकडे वळल्या नाहीत. त्यांनी पदरानं तिची लाळ पुसली.

घरी आल्यावर आबांनी चहा घेतला आणि सांगितलं, थोरलीचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं करतात ती वंदना, करायचं. नवरा म्हणाला, "आबा, एवढ्या वर्षांनी? लोक विचारतील." आबा म्हणाले, "विचारू द्या." विहारातून भंतेजी आले. वसाहतीतली आणि भावकीतली माणसं आली, पांढरी कापडं घालून सतरंजीवर बसली, आणि खरंच एकमेकांना विचारू लागली, कोण गेलं? आबा उभे राहिले. "आमची थोरली लेक," एवढंच बोलले, तिचं नाव घेतलं, आणि खाली बसले. वंदना झाली. ज्यांना सांत्वन कसं करावं कळत नव्हतं, ते आत्यांजवळ नुसते बसून राहिले. त्यानंतर आत्यांनी माझ्या मुलीला पुन्हा कधी त्या नावानं हाक मारली नाही. परकर त्यांनी स्वतःच उसवला.

सुया पुढंही बरेच दिवस चालल्या. डावी मूठ उघडली, अंगठा बाहेर आला, पेला धरता येऊ लागला. उशी लावून ती बसू लागली. पायांचं काही झालं नाही, ती कधी चालली नाही. तो दुसरा चेहरा येत राहिला, पण आता तो मला परका वाटायचा नाही. आणि कधीकधी सुया नसतानाही, दूध पिऊन झाल्यावर वगैरे, क्षणभर यायचा. डॉक्टरीणबाई पुढं त्यांच्या मुलीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेल्या आणि ते घर बंद झालं. आम्ही व्यायाम चालू ठेवले. सुयांनी किती झालं, व्यायामानं किती झालं आणि वयानं किती, हे मी सांगू शकत नाही. बाईंनाही सांगता आलं नसतं.

आबा दुपारचे वाचनालयात जायचे बंद झाले. त्यांनी पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं काढली आणि तिच्यासमोर मांडून बसू लागले. ते अक्षर उच्चारायचे आणि तिनं डोळ्यांनी ते दाखवायचं. बरेच महिने मला वाटायचं, म्हातारा स्वतःची समजूत घालतोय. मग एका दुपारी मी मागच्या दारी असताना आतून आबांचं हसणं ऐकू आलं. आबा असे खळखळून हसत नसत. मी ओले हात पुसत आत गेले.

"काय झालं आबा?"

"अगं, मी 'ग' म्हनतो तर ही 'म'कडं बघती. 'क' म्हनलं तर 'ल'कडं. मला वाटलं इसरली. मंग बघतो तर काय, गालातल्या गालात हसतीया. मुद्दाम करती! मास्तराची चेष्टा करती!"

मी तिच्याकडे बघितलं. चेहरा एका बाजूला ओढलेला होता, तोंड उघडं होतं, आणि ती आबांची फजिती बघून लोळायची बाकी होती.